एक जूनच्या आत

१ जून. आज माझा वाढदिवस नाही. तरी सकाळपासून बँकेनं, विमा कंपनीनं आणि कधीतरी मिक्सर घेतला होता त्या दुकानानं मला शुभेच्छा पाठवल्या आहेत. गच्चीवर आमसुलं वाळत पडली आहेत, पाऊस यायच्या आत ती बरणीत गेली पाहिजेत. टेबलावर लॅपटॉप उघडा आहे आणि त्यात इंग्लंडच्या व्हिसाचा माझा अर्ज अर्धा भरून थांबला आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, पुढचे काही आठवडे तिच्याजवळ माणूस हवं. तिथे बाबा आहेत, पण बाबा घरात असणं आणि घरात माणूस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आईला माझ्याआधी ठाऊक होतं.

जन्मतारखेच्या रकान्यात मी एक जून भरायला सांगितलं, आयुष्यभर भरत आले तसं. मुलगी शेजारी बसून टाइप करत होती. ती म्हणाली, “आई, तुझा बर्थडे दसऱ्याच्या आसपास असतो ना?” मी म्हटलं, “तो माझा. हा सरकारचा.” ती हसली, आणि मी चहा ठेवायला उठले, कारण मला हसू आलं नाही. इतकी वर्षं झाली, स्वतःचं औषधांचं दुकान झालं, पोर कॉलेजात गेली, पण या तारखेवरचा माझा राग काही उतरलेला नाही. तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. पण एकदा तो नीट लिहून ठेवावा, म्हणजे निदान माझ्या मागे कुणी ही गोष्ट गोड करून सांगणार नाही. बाबा ती गोड करून सांगतात.

मी जन्मले ती रत्नागिरीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आई तिथेच नर्स होती. दुपारची ड्यूटी संपवून ती त्याच वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर जाऊन झोपली आणि मैत्रिणींनी तिचं बाळंतपण केलं. तेव्हा माझी जन्मवेळ, वजन, सगळं त्याच दिवशी नोंदलं गेलं. आमच्या वयाच्या फार थोड्या मुलांची इतकी चोख नोंद असेल. पण आईच्या ड्यूट्या फिरत्या, बाबा एसटीच्या डेपोत क्लार्क, म्हणून मी चालायला लागल्यावर मला लांज्याच्या बाजूला आमच्या गावी आत्याकडे ठेवलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन परत आलेली, आणि घरची शेती एकटी ओढणारी. तिला कडेवर पोर घेऊन लावणी करता येईना. तिनं मला हाताला धरून शाळेत नेलं आणि गुरुजींना सांगितलं, हिला बसवून घ्या. गुरुजी म्हणाले, हिला सहा वर्षं कुठे झालीत? आत्या म्हणाली, “मंग करा की.” गुरुजींनी केली. एक जून लिहिलं आणि साल मागे घेतलं. मी सव्वा वर्षानं मोठी झाले. वर्गातल्या अर्ध्या पोरांचा वाढदिवस एक जूनला होता, आणि गावात कुणालाही यात काही खोटं केलं असं वाटत नव्हतं. तारीख शाळेत नाव घालायला लागते, जन्माला यायला लागत नाही, एवढाच हिशेब. त्याबद्दल मी आत्याला किंवा गुरुजींना कधी दोष दिला नाही. त्यांना पुढचं काय ठाऊक.

आई इंग्लंडला गेली तेव्हा मी आठवीत होते आणि माधवी, माझी धाकटी बहीण, दुसरीत. तोवर मी रत्नागिरीत मांडवीला आईबाबांकडे परत आले होते. नारळाच्या कंपाउंडात मागच्या बाजूला आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, पुढे घरमालकीण सावंतकाकू, आणि भिंतीपलीकडे समुद्र, ज्याच्याकडे आम्ही कधी ढुंकूनही बघत नसू पण ज्याचा आवाज थांबला असता तर झोप लागली नसती. तिकडच्या इस्पितळांना नर्सेस हव्या होत्या. मुंबईत मुलाखती झाल्या, आई गुपचूप जाऊन देऊन आली आणि निवड झाल्यावर तिनं घरी सांगितलं. बाबा म्हणाले, “बघू.” आईनं ते ऐकून घेतलं आणि राजीनामा लिहायला बसली. जाण्याआधीच्या आठवड्यात तिनं स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर इस्पितळातली पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर नावं लिहिली: कुळीथ पीठ, सुकट, तिरफळं, उकडे तांदूळ. मला चादरीचे कोपरे दुमडून गादीखाली घट्ट खोचायला शिकवलं. ताप कितीपर्यंत गेला तर थांबायचं आणि कितीला रिक्षा करायची हे शिकवलं. रडली नाही. आम्हीही नाही. स्टँडवर माधवीनं तिला विचारलं, “तिथे भात मिळतो?” आई म्हणाली, “नाही मिळाला तर परत येईन.” तो विनोद होता हे माधवीला कळायला बरीच वर्षं लागली.

आई गेल्यावर आत्या गावचं घर शेजाऱ्यांवर टाकून आमच्याकडे राहायला आली आणि घराची चव बदलली. आईचा स्वयंपाक घड्याळावर चालायचा, आत्याचा विस्तवावर. सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा, दुपारी भात नि कालवण, आणि मनात आलं की केव्हाही घावणे. ती डब्यांवरच्या चिकटपट्ट्या वाचू शकत नव्हती. तिनं सगळे डबे उघडून, वास घेऊन, आपल्या मनाप्रमाणे पुन्हा भरले, त्यामुळे ‘तिरफळं’ लिहिलेल्या डब्यात साखर निघायची. बाबांना यात फार मौज वाटे. बाबा मौजेचे माणूस होते हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावच्या नमनाच्या खेळात ते मृदंग वाजवायचे. शिमग्यात पालखी नाचवायला गेले की पंधरा दिवस डेपो त्यांच्याविना चालायचा, आणि परत आले की अख्खा डेपो त्यांच्याभोवती जमायचा. फक्त एक गोष्ट त्यांना टोचायची. मांडवीत आणि बाजारात त्यांना ‘सिस्टरचे मिस्टर’ म्हणत. आई इथे होती तोवर ते स्वतःही हसत. ती गेल्यावर डेपोतले लोक विचारू लागले, “काय मिस्टर, आता साहेबांच्या देशात भांडी घासायला कधी?” त्यावरही बाबा हसायचे. घरी येऊन मात्र मृदंगाला हात लावायचे नाहीत.

आईचा फोन दर रविवारी संध्याकाळी सावंतकाकूंकडे यायचा. आम्ही तिघंचौघं त्यांच्या पडवीत ओळीनं बसून असायचो आणि काकू फणसाच्या आठळ्या सोलत किंवा लसूण निवडत, ऐकत नसल्याचं नाटक करत बसायच्या. आई फोनवर बोलत नसे, राउंड घेत असे. जेवलात काय, अभ्यास कुठवर, आत्याचं बीपी, माधवीचे दात. आणि दर वेळी शेवटी बाबांना एकच गोष्ट: शुभाची, म्हणजे माझी, जन्मतारीख. तिला नवरा आणि मुलं बोलावता येणार होती, पण मुलं अठराच्या आतलीच. अठरा पुरी झाली की ते मूल त्यांच्या लेखी मूल राहत नाही. मी नववीत असताना आईनं सांगितलं, इस्पितळातून जन्माची नोंद घ्या, हेडमास्तरांना भेटा, दहावीचा फॉर्म जायच्या आत शाळेत तारीख बदलून घ्या, मग सगळीकडे खरी तारीख लागेल. हेडमास्तर तयार होते. मला त्यांनी व्हरांड्यात थांबवून विचारलं होतं, “वडील कधी येतायत?” बाबा म्हणाले, बघू. आधी गणपती आले, मग भातकापणी, मग डेपोचं ऑडिट. दहावीचा फॉर्म गेला. माझ्या बोर्डाच्या सर्टिफिकेटवर एक जून आलं आणि त्यावरून पासपोर्टवरही. आता ती तारीख बदलायची तर वर्ष दोन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायच्या. आईला हे कळलं त्या रविवारी ती फोनवर इतका वेळ गप्प राहिली की लाइन तुटली असं समजून बाबांनी तीनदा हॅलो केलं. मग ती म्हणाली, “ठीक आहे. आता एकच काम करा. तिच्या कागदावरच्या अठरा पुऱ्या व्हायच्या आत अर्ज पोचला पाहिजे. एक जूनच्या आत. एवढं लक्षात ठेवा.”

मी आज दुकानात लोकांना औषध देताना सांगते, जेवणाआधी, आणि ते जेवणानंतर घेतात. तेव्हा माझ्या तोंडून जे शब्द निघतात ते ऐकून माझी सहायक मुलगी गोरीमोरी होते. तिला वाटतं मी त्या पेशंटवर चिडते.

मी बारावी दिली त्या वर्षी शिमग्यापर्यंत सगळी तयारी झाली. आईनं तिकडून तिच्या पगाराचा दाखला, घराचा करार, मेट्रनचं पत्र कुरियरनं पाठवलं. इकडचे फोटो, पासपोर्ट, लग्नाचा दाखला मी स्वतः लावले. मे महिन्यात, आंब्याची गर्दी चालू असताना, बाबा फाईल घेऊन मुंबईला गेले. तीन दिवसांनी परत आले. मी अंगणात होते. विचारलं, “दिलेत?” ते म्हणाले, “दिले की.” आत्यासाठी त्यांनी जायफळ घातलेली बर्फी आणली होती. ती आम्ही खाल्ली. मला ती आवडलीही होती, हे आठवलं की अजून तोंड कडू होतं. मी बॅगेची यादी करायला लागले. माधवी माझ्याकडून इंग्रजी वाक्यं पाठ करून घेऊ लागली. एक जून आला आणि गेला. मी निश्चिंत होते, अर्ज आत होता.

जूनच्या मध्याला, एका रविवारी, काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, डोंबिवलीला राहणारे, दर वर्षी पेरणीला आत्याला घेऊन गावी जाणारे. येताना फरसाण आणि बातम्या आणायचे, दोन्ही कुरकुरीत. मासेमारी बंद, म्हणून आत्यानं सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. आम्ही सगळे जमिनीवर पंगतीला बसलो. काका मला म्हणाले, “काय गो शुभा, मॅडम होनार आता. तिकडं जाऊन आमाला इसरू नको.”

“व्हिसा आल्यावर बघू,” मी म्हटलं. “मेमध्ये कागद दिलेत, अजून काही कळवलं नाही त्यांनी.”

काकांनी बाबांकडे बघितलं. “मे मदी? मंग दादा परत कवा गेला?”

“परत कशाला? तुमच्याकडे उतरले होते तेव्हाच दिले ना.”

“आमच्याकडं?” काका हसले. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, म्हणून ते मोकळेपणानं हसले. “अगो, हा तीन दिस आमच्या सोफ्यावर पडून म्याच बगत व्हता. खाली पान खायला पन उतरला नाय. तुजी काकी बोलली पन, भाऊजींना जायाचा व्हता ना खंय? तर बोलतो, आज गर्दी आसंल.”

बाबांचा हात भातात होता आणि ते भात कालवत राहिले, खरं म्हणजे तो केव्हाच कालवून झाला होता. काकांना कळलं की आपण काहीतरी सांडलं आहे. ते आत्याकडे बघू लागले. माधवीनं विचारलं, “म्हणजे आपले कागद दिलेच नाहीत?” आत्या म्हणाली, “आधी जेवा सगळी.” आणि आम्ही जेवलो. हे मला आजही विचित्र वाटतं. मी ताटातलं सगळं संपवलं, बोंबलाचे काटे एका बाजूला काढले, ताट उचललं, हात धुतले. मग बाबांना म्हटलं, “मागे या.”

मागे विहीर होती आणि कपडे धुवायचा दगड. बाबा दगडावर बसले. मी उभीच राहिले. मी विचारलं, “विसरलात?” मला खरोखर वाटत होतं की ते हो म्हणतील. विसरभोळ्या माणसावर मी चिडले असते आणि दोन वर्षांत विसरलेही असते.

“नाय,” ते म्हणाले.

“मग?”

“गेलो नाय.”

“एक जून तुम्हांला माहीत होतं.”

“म्हायती होता म्हणून तर.” पुढचं ते सरळ बोलले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मधे कुठली मस्करी घातली नाही. “तुला जाता नाय आलं, तर ती येईल परत. माधवीला नि मला एक वेळ तिकडं बोलावंल, पन तुला हितं सोडून ती नाय राहायची. आई हाय ती तुजी. येईलच.”

त्यांनी विचार केला होता. तोच माणूस जो डेपोचं ऑडिट, पालखी, भातकापणी यांत दिवस विसरायचा, त्यानं हे नीट बसून योजलं होतं. नववीपासून. माझं वय त्यांनी आईच्या पायात दोरीसारखं अडकवलं होतं, आणि दोरीला कसं वाटेल हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

“तुम्हांला जायचं नव्हतं तर आईला सांगायचं.”

“सांगून ऐकते ती?”

“मला सांगायचं.”

“मी तिकडं जाऊन काय करू गो? हितं मला मानसं वळकतात.”

“काय म्हणून? सिस्टरचे मिस्टर म्हणूनच ना?”

हे बोलायला नको होतं असं पुढे मला बऱ्याच लोकांनी सांगितलं. मला तसं वाटत नाही. बाबांनी मान हलवली. “व्हय. तेच. तिकडं ता पन नाय.”

लोक म्हणतात, तिथे तुला त्यांची कीव आली असेल. आली असती तर बरं झालं असतं, माझी पुढची काही वर्षं सोपी गेली असती. मला फक्त एवढं दिसलं की ह्या माणसाला ‘नाही’ म्हणायला जड गेलं, म्हणून त्यानं माझे दोन पाय धरून मला दारात आडवं टाकलं. आणि आता आई येणार, सरकारी नोकरी सोडून गेलेली, वयाची चाळिशी ओलांडलेली, इथे परत येऊन कुठल्यातरी डॉक्टरच्या खाजगी दवाखान्यात सलाईन लावत उभी राहणार, आणि बाबा मृदंग काढून बसणार. त्यांना हवं तसंच सगळं होणार. तेवढं मला होऊ द्यायचं नव्हतं. मला आईकडे जायचं होतं, खूप जायचं होतं, ते तर आता गेलंच होतं. उरलं होतं ते एवढंच, की त्यांचा डाव तरी साधू नये.

संध्याकाळी आम्ही सगळे सावंतकाकूंच्या पडवीत बसलो. फोन वाजला तसा बाबा उठले. मी त्यांच्या आधी उचलला.

“आई, माझं होत नाही,” मी म्हटलं. “एक जून उलटून गेला. कागद वेळेत पोचले नाहीत.”

तिकडे मागे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज.

“मेमध्ये दिले होते ना?”

पडवीत काकूंच्या हातातली सुरी थांबली. बाबा भिंतीला टेकून उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. “उशीर झाला,” मी म्हटलं.

“कुणाचा उशीर?”

“झाला.”

मग आई म्हणाली, “मी येते परत. उद्या मेट्रनला सांगते.”

“तू यायचं नाहीस.”

“शुभा, तू सोळाची आहेस गो. तुला एकटीला टाकून मी इथे काय करू?”

“एकटी कुठे? आत्या आहे. तू इथे येऊन काय करणार ते सांग. कुठे नोकरी मिळेल?” मी थांबले नाही. “बाबा उद्या सकाळच्या गाडीनं मुंबईला निघतायत. माधवीचे आणि त्यांचे कागद द्यायला. ते दोघं येतील. तू घर घेतलंस ते सोडू नकोस.”

“त्यांना दे फोन.”

“ते बॅग भरतायत,” मी म्हटलं. बाबा माझ्यापासून दोन हातांवर उभे होते.

आईला मी खरं काय ते सांगितलं फार पुढे, माझ्या लग्नाला ती आली तेव्हा, मेंदी वाळायची वाट बघत बसलो असताना. ती म्हणाली, “मला तेव्हाच कळलं होतं. तू ‘झाला’ म्हणालीस ना, तेव्हाच.” मी विचारलं, मग तू त्यांना काही बोलली कशी नाहीस? ती म्हणाली, “माधवी होती ना मध्ये.” आणि हातावर लिंबाचं पाणी लावून घ्यायला हात पुढे केला. यावर मला आईचाही राग आला होता. तो आहे अजून.

पडवीतून घराकडे येताना बाबा म्हणाले, “मला इचारलंस तरी?”

“तुम्ही मला विचारलं होतंत?”

“आनि मी नाय गेलो तर?”

मी थांबले. माधवी पुढे गेली होती. “तर पुढच्या रविवारी मी आईला सगळं सांगेन. सोफा, मॅच, सगळं. मग ती परत येईल, तुम्ही म्हणता तशी. पण तुमच्याकडे नाही येणार.”

घरात आत्यानं दिवा लावला होता आणि काका जिथे जेवायला बसले होते तिथेच, अपराध्यासारखे, पाठीला उशी न घेता बसले होते. मी त्यांना सांगितलं, उद्या तुम्ही बाबांबरोबर परत जायचं. ते म्हणाले, “आनि माजी पेरनी?” आत्या चुलीपाशी होती. तिनं मान वर न करता सांगितलं, “पेरनी मी बगतंय. तू जा ह्येच्यासंगती. आनि खिडकीपरेंत जा. भायेर हुबा ऱ्हाऊ नको.” तिनं बाबांना काही म्हटलं नाही. त्या दिवसानंतर तिनं बाबांना स्वतःहून कधी वाढलं नाही, एवढंच. पातेलं पुढे सरकवायची.

बाबा आज इंग्लंडात सुखात आहेत. एका मोठ्या दुकानाच्या गोदामात त्यांनी निवृत्तीपर्यंत काम केलं, तिथल्या मराठी मंडळींना मृदंग शिकवला, आणि तिथेही माणसं त्यांना ओळखतात. थंडीत इकडे येतात तेव्हा पाहुण्यांना सांगतात, मुलांच्या भविष्यासाठी मी एसटीची नोकरी सोडली. मुलांच्या, म्हणतात. मी चहाचे कप उचलते आणि आत जाते. माझं वाईट झालं नाही. मी डी.फार्म. केलं, आत्याजवळ राहिले, तिचं शेवटचं दुखणं काढलं, लग्न केलं, दुकान उभं केलं. आई दोन वर्षांतून एकदा यायची, चार आठवडे, त्यातले पहिले चार दिवस झोपेत जायचे. हिशेब मांडला तर सगळं ठीक दिसतं. पण सोळाव्या वर्षी मला जी आई हवी होती ती चाळिसाव्या वर्षी विमानानं जाऊन मिळत नाही, आणि ज्यानं ती घालवली तो माणूस मला दर रविवारी व्हिडिओवर विचारतो, “मग, कधी येतेस?”

दुसऱ्या दिवशी मी उजाडायच्या आधी उठले. आत्यानं तांदळाच्या भाकऱ्या केल्या, मी लसणीची चटणी वाटली आणि डबा बांधला. मग फाईल घेऊन जमिनीवर बसले. तिच्यात तिघांचे कागद होते. माझे सगळे एकेक करून काढले आणि वेगळे ठेवले, उरलेले क्रमानं लावले, बाबांच्या पिशवीत न ठेवता काकांच्या हातात दिले. माधवी झोपली होती, तिला उठवलं नाही. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी केली होती. स्टँडवर डेपोतले दोघंतिघं भेटले, “काय मिस्टर, निघाले वाटतं साहेबांच्या देशात?” बाबा त्यांच्याकडे बघून हसले, नेहमीसारखे, आणि गाडीत चढले. काका त्यांच्या बाहेरच्या बाजूला बसले, म्हणजे उतरायचं झालं तर काकांना ओलांडून उतरावं लागेल. मी डबा खिडकीतून आत दिला.

बाबांनी डबा मांडीवर घेतला. मग खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, “आनि तुजं काय गो?”

“माझं मी बघेन,” मी म्हटलं. “मी अठरा वर्षांची आहे. तुमच्याच कागदावर.”

कंडक्टरनं घंटा मारली. गाडी मागे आली, वळली, आणि फाटकातून बाहेर पडली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत थांबले नाही. आठला नळाचं पाणी जायचं, आणि घरी सगळे हंडे रिकामे होते.